दुकानाची पायरी

जळगावपासून अवघ्या पाच-सहा किलोमीटरवर असोदा आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे हे माहेर; १८८० साली त्यांचा जन्म येथेच झाला. खानदेशात या गावाची दुसरी ओळख भरताची वांगी. थंडी पडली की जळगावची मंडळी भरीत खाण्यासाठी मुद्दाम असोद्याची वाट धरतात. उलट असोद्याची माणसे लग्नाच्या बस्त्यासाठी, सोन्यासाठी आणि अलीकडे तर महिन्याच्या किराण्यासाठीही जळगाव गाठतात. मोटारसायकलला पंधरा मिनिटे पुरतात. त्यामुळे शहराच्या इतक्या जवळ असलेल्या गावातील दुकानदाराची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी उरलेली नाही. ती शहराशी, आणि आता हातातल्या मोबाईलशी आहे.

खानदेशातील बहुतेक मोठ्या गावांत एखादे तरी ओसवाल घराणे दोन-तीन पिढ्यांपासून दुकान मांडून बसलेले आढळते. पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये धान्याची खोली अशी ही रचना. गादीवर आजोबा, हिशेबाला वडील, मापाला मुलगा. ग्राहक शेतकरी, त्याच्या हाती पैसा येतो तो कापूस किंवा ज्वारी विकली गेल्यावर. तोवर मीठ, तेल, चहा, साखर आणि बी-बियाणे खतावणीत त्याच्या नावे चढत जाई आणि सुगीला खाते चुकते होई. ही उधारी सर्वांनाच नेहमी गोड वाटली असे मात्र म्हणता येणार नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जाचे कागद जाळले, त्यात मारवाडी व गुजराती सावकार मुख्यतः होते. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. जुन्या व्यापाराचे गुणगान करताना हे पान उलटून टाकणे बरे नव्हे.

जळगावची पेठ वाढली ती रेल्वे आणि कापूस यांच्या जोरावर. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १९०६ साली खानदेशाचे दोन भाग झाले, तेव्हा पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे जळगाव ठरले. दाणाबाजार, सराफ बाजार, नवी पेठ, पुढे फुले मार्केट आणि गोलाणी मार्केट असा शहराच्या मध्याचा विस्तार होत गेला. ज्या खानदेश मिलच्या भोंग्यावर एकेकाळी शहराची घड्याळे लागत, तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे.

हीच गोष्ट विलायतेत पूर्वी घडून गेली आहे. इंग्लंडच्या शेफिल्ड शहरात पोलादाचा कारखाना बंद पडला आणि त्या जमिनीवर १९९० साली मेडोहॉल हे प्रचंड खरेदी केंद्र उघडले. मोटार ठेवण्यास हजारो जागा, डोक्यावर छप्पर, सर्व दुकाने एकाच ठिकाणी. शहराच्या मध्यातील जुन्या दुकानांना याचा मोठा फटका बसला. तेथे गावच्या मुख्य बाजाररस्त्याला ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. आधी मोटारींनी गिऱ्हाईक गावाबाहेर नेले, मग इंटरनेटने ते घरातच बसवले. १९०९ साली लिव्हरपूलला पहिले दुकान उघडणाऱ्या वूलवर्थ्सची आठशेवर दुकाने जानेवारी २००९ पर्यंत कायमची बंद झाली. शतक पूर्ण व्हायला काही महिनेच उरले होते. २०१६ मध्ये बीएचएस गेले, २०२१ मध्ये डेबेनहॅम्स. सरकारने २०११ मध्ये मेरी पोर्टास या बाईंकडून अहवाल मागवला. त्यांनी अठ्ठावीस शिफारशी केल्या. दुकानांची पडझड मात्र त्यानंतरही चालूच राहिली.

तेथील दुकानदारांची एक तक्रार आपल्या व्यापाऱ्यांना चटकन समजेल. दुकानावरचा कर तेथे विक्रीवर किंवा नफ्यावर ठरत नाही, तर जागेच्या अंदाजी भाड्यावर ठरतो. धंदा बसला तरी कर उभा. शहराबाहेर स्वस्त जमिनीवर गोदाम बांधणाऱ्या ऑनलाईन कंपनीला तोच भार कितीतरी हलका पडतो. जळगावात महापालिकेच्या व्यापारी संकुलांतील शेकडो गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली आणि त्यानंतर भाडे व नूतनीकरण यांचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. गाळा उद्या आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो त्यात नवे कपाट तरी कशाला बसवील?

सर्व दोष बाहेरच्यांचाही नाही. गिऱ्हाईक मॉलमध्ये जाते ते केवळ दोन रुपये वाचवण्यासाठी नव्हे. तेथे किंमत लिहिलेली असते, वस्तू हाताळता येते, न घेता परत फिरले तरी कुणी तोंड वाकडे करत नाही. श्रावकाच्या अस्तेय अणुव्रताच्या अतिचारांत खोटे माप-तोल आणि भेसळ यांची स्पष्ट गणना आहे. ज्या पेढ्यांनी ते कसोशीने पाळले त्यांच्याकडे लोक लहान मुलाला चिठ्ठी देऊन पाठवत. जेथे चेहरा पाहून भाव ठरे, तेथील गिऱ्हाईक पहिली संधी मिळताच निघून गेले. हे कटू असले तरी खरे आहे.

टिकले काय, हेही विलायतेत पाहता येते. लेस्टर शहरात पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या भारतीयांनी बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची, दागिन्यांची आणि मिठाईची दुकाने थाटली. तेथील जैन समाजाने जुने चर्च विकत घेऊन त्याचे मंदिर केले. १९८८ साली त्याची प्रतिष्ठा झाली. लग्नाचा शालू अंगावर टाकून पाहायचा असतो, बांगडी हातात चढवून पाहायची असते, आणि त्या वेळी घरातली चार माणसे सोबत हवी असतात. जळगावच्या सराफ बाजाराला अजून सुदूर गावांहून माणसे येतात, ती याच कारणाने.

असोद्यासारख्या गावातील किराणा दुकानाकडे शालूही नाही आणि सोनेही नाही. त्याच्याकडे आहे ती ओळख. पाऊस लांबला तर कोणाचे खाते थांबवायचे आणि कोणाला आणखी एक पोते द्यायचे, हे कोणत्याही ॲपला कळत नाही. पण त्या ओळखीची किंमत घरच्यांनाच मोजावी लागते. शेतमजूर दिवेलागणीनंतर दुकानावर येतात. चौविहार पाळणाऱ्या घरात नेमकी तीच वेळ अवघड. सूर्यास्तापूर्वी एकाने जेवायचे, दुसऱ्याने गल्ला सांभाळायचा, आणि सासू-सुनांनी ताटे दोनदा वाढायची, अशी वर्षे जातात. पर्युषणात दुकान लवकर मिटले तर रोजचे गिऱ्हाईक समजून घेते, मोबाईलवरून मागवणारे तेवढ्यात दुसरीकडे वळते. त्यात मुलगा पुण्याला संगणक शिकून नोकरीला लागलेला असतो. दिवाळीला तो घरी येतो, वहीपूजनाला बसतो, कुंकवाचा स्वस्तिक काढतो आणि भाऊबीज झाली की परत जातो. लाभपंचमीला दुकान उघडताना वडील एकटेच असतात. मुलाला परत बोलवावे की दुकान भाड्याने द्यावे, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने काढत नाही.

हिवाळा आला की शहरातल्या मोटारी पुन्हा असोद्याच्या रस्त्याला लागतील. वांगी गावची, भाजणारे हात गावचे. फोडणीचे तेल, शेंगदाणे आणि लसूण मात्र कोणाच्या दुकानातून येतात, ते तेथील दुकानदार पायरीवर बसून दरवर्षी मोजत असतो.