निदान झाल्यावर सिगारेट सोडून काय उपयोग? आणि ते आपल्याला कळलं कसं?

सीओपीडीचं निदान झालं की डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती म्हणजे विडी-सिगारेट बंद करा. त्यावर पेशंटचं उत्तर बरेचदा असं असतं: "डॉक्टरसाहेब, फुप्फुसं तर गेली. आता सोडून काय मिळणार?" घरचे याला हट्ट म्हणतात. पण संशोधनाच्या नजरेने पाहिलं तर प्रश्न अगदी रास्त आहे. पीएचडीच्या मुलाखतीत कोणी विचारला तर भलेभले अडखळतील. कारण सोडल्याने फायदा होतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते माहीत कसं झालं हे फार थोड्यांना सांगता येतं. आज तेवढंच बघू.

आधी मोजमाप. पूर्ण श्वास भरून नळीत जोरात फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते पाहायचं. या आकड्याला एफईव्ही-वन म्हणतात. सीओपीडीत श्वासनळ्या अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती तुटतात आणि हा आकडा घटतो. तुटलेल्या भिंती पुन्हा उभ्या राहत नाहीत. म्हणजे पेशंटचं अर्धं म्हणणं बरोबरच आहे, गेलेलं परत येत नाही. पण वय वाढेल तसा हा आकडा निरोगी माणसाचाही दरवर्षी थोडा उतरतोच. म्हणून खरा प्रश्न "परत येईल का?" असा नसून "उतरण्याचा वेग कमी होईल का?" असा आहे. प्रश्न असा फिरवून घेतला की निम्मं काम होतं.

आता समजा तुम्ही एका छातीच्या ओपीडीत बसलात, शंभर सीओपीडीचे पेशंट घेतले, अजून ओढणारे एका बाजूला आणि सोडलेले दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा एफईव्ही-वन मोजला. सोडलेल्यांचा आकडा जास्त वाईट निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. सिगारेट सोडल्याने फुप्फुस बिघडलं असा त्याचा अर्थ नाही. माणूस बहुतेक वेळा दम लागायला लागल्यावरच सोडतो. आजार आधी, सोडणं नंतर. याच्या उलटही होतं. जो निश्चयाने सोडतो तोच औषधं वेळेवर घेतो, चालायला जातो, त्याच्या घरी लक्ष द्यायला माणसं असतात. तेव्हा सोडलेले जास्त बरे दिसतात आणि सगळं श्रेय सिगारेट सोडण्याला जातं. एकाच ठिकाणचा डेटा या दोन दिशांना ओढला जातो, आणि कोणती ओढ किती हे डेटाकडे बघून सांगता येत नाही.

एक उपाय म्हणजे त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा मोजणं. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी लंडनमधल्या नोकरदार पुरुषांवरचा असा अभ्यास १९७७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. त्यातला आलेख तुम्ही कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिलेला असणार: वरून खाली येणाऱ्या रेषा, आणि ४५ किंवा ६५ व्या वर्षी सिगारेट सोडली तर रेषा कशी कमी उताराची होते ते दाखवणारे फाटे. आलेख सुंदर आहे, पण प्रत्यक्ष पाहणी सुमारे ८ वर्षांची होती आणि रेषा पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत काढलेली आहे. एकाही माणसाचं अख्खं आयुष्य त्यात मोजलेलं नाही. शिकवताना हे सांगायचं राहून जातं. निष्कर्ष पुढे टिकला, तरी तो पाठ करण्याआधी कशावर उभा आहे ते बघून ठेवा. आणि कोण सोडणार हे तिथेही ज्याने त्यानेच ठरवलं होतं, ती अडचण उरलीच.

चिठ्ठ्या टाकून लोकांना "तू सोड, तू ओढत राहा" असं सांगता येत नाही. ते अनैतिक आहे, आणि तसंही कोणी ऐकणार नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या १० केंद्रांनी मिळून केलेल्या लंग हेल्थ स्टडीने यातून शहाणी वाट काढली. चिठ्ठी टाकली ती सोडण्याची नाही, सोडायला मदत देण्याची. ३५ ते ६० वयाचे, श्वासनळीचा अडथळा सौम्य ते मध्यम असलेले ५८८७ सिगारेट ओढणारे घेतले. त्यांचे तीन गट केले. दोन गटांना जोरदार मदत मिळाली: डॉक्टरांचा स्पष्ट निरोप, १२ बैठकांचं शिबिर, निकोटिन गम आणि पुढे ५ वर्षं पाठपुरावा. त्यातल्या एका गटाला इप्राट्रोपियमचा पंप आणि दुसऱ्याला नुसता दिखाऊ पंप. तिसऱ्या गटाला नेहमीसारखी वागणूक, म्हणजे खास काहीच नाही.

५ वर्षांनी मदत मिळालेल्यांपैकी २२ टक्के लोक सतत सिगारेटमुक्त राहिले होते, तिसऱ्या गटात ५ टक्के. इतकी मदत करूनही २२! ज्यांना वाटतं की पेशंटला एकदा दरडावलं की झालं, त्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. पंपाने घसरणीचा वेग बदलला नाही. औषध थांबवल्यावर त्याने मिळालेला थोडा फायदाही गेला.

सोडलेल्यांचा एफईव्ही-वन पहिल्या वर्षी सरासरी ४७ मिलिलीटरने किंचित वर आला आणि नंतर हळूहळू उतरू लागला. ११ वर्षांच्या पाहणीत ओढत राहिलेल्या पुरुषांचा आकडा दरवर्षी ६६ मिलिलीटरने घटत होता, सोडलेल्यांचा ३० ने. बायकांमध्ये ५४ आणि २२. पुरुषांचा हिशोब करा: ११ वर्षांत ७२६ विरुद्ध ३३०, म्हणजे जवळजवळ ४०० मिलिलीटरचा फरक. ज्याच्याकडे मुळात दोन-अडीच लिटर उरलेत त्याला हा फरक जिना चढताना कळतो. सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं असं करणारे दोघांच्या मधे होते. पेशंटला हे जरूर सांगावं, कारण एकदा घसरला की तो "गेलं सगळं वाया" म्हणून प्रयत्नच सोडतो.

आता खरी गंमत इथे आहे. वरचे सगळे आकडे सोडलेले विरुद्ध ओढणारे अशा तुलनेचे आहेत. ट्रायल उत्तम असली तरी या तुलनेत चिठ्ठी नाही, कारण सोडणारे स्वतःहून सोडणारे झाले. चिठ्ठीचं संरक्षण फक्त मदत मिळालेले विरुद्ध न मिळालेले या तुलनेला आहे. ती केली तर साडेचौदा वर्षांनंतर दर हजार व्यक्ती-वर्षांमागे मदत मिळालेल्यांत ८.८३ मृत्यू, न मिळालेल्यांत १०.३८. फरक लहान दिसतो, पण यात मदत घेऊनही ओढत राहिलेले बहुसंख्य लोक धरलेले आहेत. त्यांना वगळायचा मोह होतो, पण वगळलं की चिठ्ठीच फुकट जाते.

मग कोणी म्हणेल, फरक १.५५ आहे आणि जास्तीचे सोडणारे १७ टक्के, तर भागाकार करून एका सोडणाऱ्याचा फायदा काढू. करून बघा. उत्तर ९ च्या वर येतं, म्हणजे सोडल्याने जवळपास सगळे मृत्यू टळतात! असं कसं होईल? भागाकार बरोबर आहे, त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. मदतीच्या गटात अधूनमधून सोडणारेही होते, त्यांचा फायदा आपण १७ टक्क्यांच्या खात्यावर टाकला. शिवाय १.५५ हा आकडा स्वतःच बऱ्यापैकी डळमळीत आहे. प्रबंधात असा भागाकार टाकण्याआधी दोनदा विचार करा.

त्या काळात ७३१ जण गेले. त्यातले ३३ टक्के फुप्फुसाच्या कॅन्सरने, २२ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने, आणि कॅन्सर सोडून श्वसनाच्या इतर आजारांनी ८ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे "फुप्फुसं तर गेली" म्हणणारा माणूस ज्या आजाराला घाबरतोय, त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने जाण्याची शक्यता जास्त आहे, आणि तीही सिगारेटशीच जोडलेली. त्याच्या प्रश्नाला मला तरी हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं. मात्र ही माणसं सौम्य आजाराची होती, ऑक्सिजनवरच्या पेशंटला हे प्रमाण जसंच्या तसं सांगू नका.

निदान ऐकून माणूस सोडतो का, यावर २००८ ची एक इंग्लंडमधली ट्रायल वाचा. ५६१ जणांची स्पायरोमेट्री केली. अर्ध्यांना निकाल "तुमच्या फुप्फुसाचं वय इतकं" अशा भाषेत सांगितला, बाकीच्यांना नुसता आकडा. वर्षभराने पहिल्या गटात १३.६ टक्के लोकांनी सोडलं होतं, दुसऱ्यात ६.४ टक्के. पण ज्यांचं फुप्फुस-वय जास्त वाईट निघालं त्यांनी जास्त प्रमाणात सोडलं, असं काही दिसलं नाही. नुसती भीती कामाला आली असती तर तसं दिसायला हवं होतं. माझा अंदाज, समजेल अशा भाषेत सांगणं हेच उपयोगी पडलं असावं.

असं काही आपल्याकडे करायचं झालं तर? पहिली अडचण मोजमापातच येईल. "सोडली" हे पेशंटच्या शब्दावर मानत नाहीत. लाळेतलं कोटिनिन तपासतात, ते निकोटिनपासून शरीरात बनतं. पण महाराष्ट्रात ओढण्यापेक्षा तंबाखू मळणं आणि मिश्री लावणं कितीतरी जास्त. विडी सोडून तंबाखू मळायला लागलेल्याचं कोटिनिन वरच राहणार, आणि कागदावर तो "ओढणारा" ठरणार. लंग हेल्थ स्टडीत गम खाणाऱ्यांच्या बाबतीत हाच पेच होता. तिथे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. तो मात्र काही तासांतच उतरतो, त्यामुळे सकाळी न ओढता आलेला माणूस त्यातून निसटू शकतो. आणि चुलीच्या धुरात बसलेल्या बाईच्या श्वासात तो न ओढताही सापडतो. चुलीच्या धुराने सीओपीडीही होतो. पुण्याचे संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा २००९ चा लॅन्सेटमधला लेख न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवरच आहे. तेव्हा कोणी विषय शोधत असेल तर दोन्ही चाचण्या, त्या दिवशी चूल किती वेळ पेटली होती याची नोंद, आणि "तंबाखू मळता का?" हा वेगळा प्रश्न, एवढं प्रश्नावलीत पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर घालता येत नाही.