माराकेश ते सहारा : रीलमध्ये एक सेकंद, रस्त्यावर दहा तास. मधला डोंगर काय भानगड आहे?

मोरोक्कोचं रील साधारण ठरलेलं असतं. आधी माराकेशच्या तांबूस भिंती, जमा अल फना चौकातली गर्दी आणि पुढच्याच सेकंदाला उंट आणि वाळूच्या टेकड्या. प्रत्यक्षात माराकेश ते मर्झूगाची वाळू हे अंतर सुमारे ५६० किलोमीटर आहे आणि वाटेत हाय ॲटलासची रांग आडवी पडलीये. उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर, ४,१६७ मीटरचं तुबकाल, याच रांगेत आहे.

आता माराकेशमध्ये गल्लोगल्ली 'तीन दिवसांत सहारा' असं पॅकेज विकतात. हिशोब करा. जायला नऊ-दहा तास, यायला तेवढेच. म्हणजे तीन दिवसांतला बराचसा वेळ खिडकीतून बघण्यात जातो. पण खरी गंमत त्या खिडकीबाहेरच आहे.

माराकेश समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. तिथून रस्ता चढत चढत तिझी-न-तिश्का खिंडीत २,२६० मीटरवर पोचतो. 'तिझी' म्हणजे अमाझिग भाषेत खिंड. मग उतरून वारझाझात. हे अंतर जेमतेम २०० किलोमीटर, पण वळणांमुळे चार तास धरून चाला. अटलांटिककडून येणारे ढग डोंगराच्या अलीकडे पाऊस टाकतात, पलीकडे फारसं काही उरत नाही. शाळेत शिकलेली पर्जन्यछाया इथे डोळ्यांनी दिसते. चढताना झाडी, उतरताना उघडी लाल माती.

खिंड ओलांडली की डावीकडे तेलुएतचा फाटा लागतो. बहुतेक गाड्या इथे वळत नाहीत, तुम्ही वळा. उंटांचे तांडे पूर्वी याच बाजूने जायचे, जवळच मिठाच्या खाणी. या वाटेवर ताबा होता ग्लावी घराण्याचा. त्यांच्यातला थामी एल ग्लावी १९१२ मध्ये फ्रेंचांच्या मदतीने माराकेशचा पाशा झाला आणि देशातल्या सगळ्यात ताकदवान माणसांपैकी एक बनला. १९५३ मध्ये सुलतान मोहम्मद पाचव्यांना हद्दपार करण्यात त्याने फ्रेंचांना साथ दिली. दोन वर्षांत सुलतान परतले, १९५६ च्या जानेवारीत ग्लावी वारला. तेलुएतचा वाडा तेव्हापासून ढासळतोय. आत नक्षीदार छतं, बाहेर मातीचे ढिगारे.

तिथून ओनिला खोऱ्याने खाली आलात की ऐत बेनहद्दू लागतं. मातीचं हे तटबंदीचं गाव १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. 'ग्लॅडिएटर'मध्ये तुम्ही ते पाहिलंय. मात्र आत आता मोजकीच कुटुंबं राहतात, बाकीचे नदीपलीकडच्या नव्या गावात गेले. मातीचं घर दर पावसाळ्यानंतर लिंपावं लागतं. माणूस गेला की भिंतही जाते.

८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री याच डोंगरात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास ३,००० माणसं गेली. सगळ्यात मोठा फटका पश्चिमेच्या तिझी-न-तेस्त रस्त्याकडच्या गावांना बसला, तिथली बाराव्या शतकातली तिनमेल मशीद कोसळली. दरडींनी रस्ते अडवल्यामुळे मदत पोचायलाच वेळ लागला. डोंगरातल्या गावात मुक्काम केलात, जेवलात, तर पैसा थेट तिथे पोचतो. माराकेशहून पॅकेज घेतलं तर त्यातला किती पोचतो, हे विचारायला हरकत नाही.

गाडी स्वतः चालवणार असाल तर लक्षात ठेवा, तिथे वाहनं उजव्या बाजूने चालतात. हिवाळ्यात बर्फामुळे खिंड बंद होते, निघण्याआधी चौकशी करा. आणि अंधार पडल्यावर घाटात शिरू नका.

मर्झूगाहून त्याच वाटेने परतण्यापेक्षा झिझ नदीच्या खजूरबागांतून उत्तरेला फेसकडे निघा. वाटेत देवदारांचं जंगल आणि त्यातली माकडं लागतात. फेसच्या जुन्या शहरात मात्र गाडी बाहेरच ठेवायची. इसवी सन ८५९ मध्ये स्थापन झालेली अल करावियीन मशीद ज्या गल्ल्यांत आहे, तिथे सामान आजही खेचरावरून येतं. मागून "बालाक!" अशी आरोळी आली की भिंतीला चिकटा.