कूलरमागं अडलेली रेंज

विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर हिंगणघाटात आहे, हे ऐकून अजूनही पुष्कळांच्या भुवया उंचावतात. १८०२ साली त्यानं मद्रासजवळ जमिनीवर पायाची रेषा मोजली आणि तिथून भारताची मोजणी उत्तरेकडं सरकवत आणली. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, टेकडीवर, वेळ पडली तर देवळाच्या गोपुरावर चढवायचं आणि लांबच्या टेकडीवरची खूण दिसते का ते बघायचं. मध्ये झाड आलं, टेकाड आलं, धूळ उठली की काम ठप्प. हैदराबादेहून नागपूरकडं जाताना २० जानेवारी १८२३ रोजी त्यानं इथंच प्राण सोडला. पुढची मोजणी त्याच्या मदतनिसानं हाती घेतली. तो जॉर्ज एव्हरेस्ट, शिखरवाला.

मध्ये काही आडवं येऊ नये ही लॅम्ब्टनची डोकेदुखी आज त्याच गावातल्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर ऐकू येते: “हॅलो… आवाज कटून राहिला बाप्पा… थांब, स्लॅबवर जातो.” रेडिओलहरी उजेडाच्याच जातीच्या. फरक इतकाच की त्या भिंतीतून थोड्याफार पाझरतात. किती पाझरतात, तिथंच खरी गंमत आहे.

भिंत किती खाते?

मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीनं याची सूत्रंच देऊन ठेवली आहेत. १८०० मेगाहर्ट्‌झच्या ४जी लहरीचा साध्या खिडकीच्या काचेतून निम्म्याहून जास्त जोर आत येतो. बंद लाकडी दारातून जेमतेम एक तृतीयांश. काँक्रीटमधून सोळावा हिस्सा. आता ५जी घ्या. ३.५ गिगाहर्ट्‌झवर काँक्रीटपलीकडं पोचतो सुमारे ऐंशीवा हिस्सा. उलट ७०० मेगाहर्ट्‌झची लहर त्याच भिंतीतून सहावा हिस्सा वाचवून आणते. लहर जितकी लांब, तितकी ती भिंतीला कमी घाबरते. म्हणून आतल्या खोलीत ५जीचा हट्ट सोडून फोन ४जीवर ठेवला की बरेचदा नेट वेगानं चालतं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण करून बघा.

खरा खलनायक मात्र ऊन अडवणारी धातूच्या थराची काच आहे. तिच्यातून आत येतो जेमतेम दोनशे-अडीचशेवा हिस्सा, म्हणजे ती या बाबतीत काँक्रीटपेक्षाही वाईट. चकचकीत काचेची इमारत म्हणजे भरपूर प्रकाश आणि रेंजच्या शून्य काड्या.

विदर्भाचा खास अडथळा

हे कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. मार्च सरता सरता आपल्याकडं खिडकी-खिडकीला कूलर लागतो. आता त्या कूलरकडं रेंजच्या नजरेनं बघा. बाहेरून लोखंडी पत्र्याची पेटी, आत ओली गवती जाळी, खाली टाकीत पाणी. पत्रा लहर परतवतो, पाणी ती शोषतं, आणि हे सगळं बसवलंय कुठं? घरात रेंज शिरण्याच्या सगळ्यात सोप्या वाटेवर. उन्हाळ्यात “नेट स्लो होऊन राहिलं” अशी तक्रार वाढली तर टॉवरला शिव्या देण्याआधी कूलरकडं बघावं. एखादी खिडकी, टॉवरच्या बाजूची असेल तर उत्तमच, मोकळी ठेवता आली तर ठेवावी. बाकी ४५ अंशात कूलर काढून रेंज घ्या असं सांगायची माझी हिंमत नाही.

याच न्यायानं, टॉवरच्या बाजूच्या भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट आणि मोठा आरसा (त्याच्या पाठीला धातूचा थर असतोच) हेही गुन्हेगार. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये फोन मुका होतो, तोही यामुळंच.

चार बोटं सरका

खोलीत लहरी भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींत मिसळतात. कुठं जोर वाढतो, कुठं एकमेकींना खाऊन टाकतात. १८०० मेगाहर्ट्‌झची लहर साधारण १७ सेंटिमीटरची, तिच्या निम्मं ८ सेंटिमीटर, म्हणजे तुमची चार बोटं. एवढं सरकलं तरी चित्र पालटू शकतं. पलंगाच्या एका टोकाला नेट आणि दुसऱ्या टोकाला गोल फिरणारं चक्र, ही तक्रार खोटी नसते.

काड्यांवर भरवसा नको

स्क्रीनवरच्या काड्या किती सिग्नलला किती दाखवायच्या, याचा सर्वमान्य नियमच नाही. प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. २०१० साली आयफोन ४च्या वेळी ॲपलनं स्वतःच कबूल केलं होतं की त्यांचं काड्यांचं सूत्र साफ चुकीचं होतं. कित्येकदा असायला हव्या त्याहून दोन काड्या जास्त दिसत.

खरा आकडा हवा तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ भागात सिम स्टेटस बघा. तिथं उणे आकडा दिसेल, एकक डीबीएम. उणे ८५ म्हणजे मजेत. उणे ११५ म्हणजे शेवटच्या घटका. अंतर तीसचं दिसतं, पण या मोजपट्टीवर दर दहाला दसपट फरक, म्हणजे दोघांत हजारपटीचा. हा आकडा बघत घरभर एक चक्कर मारा, घराचा नकाशाच हाती येईल.

टॉवर ओरडतो, फोन कुजबुजतो

टॉवरवरचा ट्रान्समीटर वीस-चाळीस वॉटचा, तुमच्या ४जी फोनची कमाल ताकद ०.२ वॉट. म्हणून आतल्या खोलीत समोरच्याचा आवाज नीट येतो, पण तुमचा त्याला तुटक जातो. सिग्नल कमी पडला की फोन जिवाच्या आकांतानं पूर्ण जोर लावतो, आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. सारखा चार्जर शोधावा लागत असेल तर दोष बॅटरीचा नसून भिंतीचा असू शकतो.

दिव्याखाली अंधार

टॉवर आपल्याच गच्चीवर आहे म्हणून खूश होणाऱ्यांसाठी वाईट बातमी. त्याचे अँटेना सिग्नल आडवा, दूरवर फेकतात, जरासा खाली झुकवून. बरोबर पायाखालच्या फ्लॅटला उरलंसुरलं मिळतं, तेही स्लॅबमधून गाळून. समोरच्या इमारतीतली मंडळी मात्र फुकटात चैन करतात.

पहाटेची परीक्षा

काड्या भरपूर, तरी व्हिडिओ अडकतो? मग भिंत निर्दोष असू शकते. टॉवरवर गर्दी असेल. पहाटे पाचला स्पीड तपासा, रात्री नऊला पुन्हा तपासा. पहाटे सुसाट आणि रात्री रखडत असेल तर गर्दी. दोन्ही वेळा रखडत असेल तर भिंत. गर्दीवर घरातला कुठलाच उपाय चालत नाही. ती तक्रार कंपनीकडंच करायची. आणि हो, दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. तिथं तुमची गल्ली हिरवीगार दिसली तर नकाशा दाखवूनच भांडा.

विमान मोड चालू-बंद करण्याचा उपाय टोटका वाटतो, पण त्यात तथ्य आहे: फोन एखाद्या दूरच्या टॉवरला चिकटून बसलेला असेल तर हात सोडून नव्यानं शोध घेतो.

सगळ्यात स्वस्त औषध

घरी ब्रॉडबँड असेल तर कॉलचा प्रश्न एका बटणात मिटतो: वाय-फाय कॉलिंग. डिसेंबर २०१९मध्ये एअरटेलनं आणि जानेवारी २०२०मध्ये जिओनं ही सोय आणली. कॉल टॉवरऐवजी घरच्या वायरीतून जातो, वेगळं ॲप लागत नाही, समोरच्याला कळतही नाही. तरी कितीतरी फोनमध्ये ते बटण अजून बंदच असतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या बूस्टरच्या नादी मात्र लागू नका. मोबाइल कंपनीखेरीज इतरांनी तो बसवणं बेकायदा आहे, आणि कारण रास्त आहे. माइक स्पीकरसमोर धरल्यावर जशी शिट्टी उठते, तसा गोंधळ तो रेडिओलहरींत घालतो. टॉवरला मग तुमच्यासकट अख्ख्या मोहल्ल्याचं ऐकू येईनासं होतं.

भिंत भेदणारे बोस

१८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी रेडिओलहरी भिंतीपलीकडं पाठवून घंटा वाजवली, बंदुकीची दारू उडवली. त्यांचा अभ्यास मिलिमीटरांत मोजायच्या लहरींचा. २०२२च्या लिलावात विकली गेलेली ५जीची २६ गिगाहर्ट्‌झची लहर त्याच घराण्यातली, साडेअकरा मिलिमीटरची. आजच्या काँक्रीटसमोर मात्र ती पार गारद होते. सव्वाशे वर्षांत लहरी सुधारल्या, भिंती त्याहून जास्त सुधारल्या.

फ्लॅटला तारे

मोबाइल डेटाचा बहुतांश वापर चार भिंतींच्या आतच होतो, हे ओळखून ट्रायनं ऑक्टोबर २०२४मध्ये नियम काढले: इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीसाठी तारे द्यायचे. बिल्डरनं नकाशातच फायबर, केबलचे मार्ग आणि आतल्या अँटेनांची जागा धरावी, ही त्यामागची कल्पना. आपल्या भागातल्या तीन-चार मजली अपार्टमेंटवर असे तारे झळकेपर्यंत परीक्षा स्वतःच घ्यावी लागेल. फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचन, व्हिट्रीफाइड टाइल्स सगळं बघा. मग आतल्या बेडरूममध्ये जा, दार लावा आणि बाहेर उभ्या बिल्डरलाच फोन लावा. शक्यतो मे महिन्यात, कूलर लागलेला असताना.