धरण खाली, पाडा वर

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेनं बांधलेलं मध्य वैतरणा धरण आहे. उंची 102 मीटर. 2014 पासून मुंबईला त्यातून रोज 455 दशलक्ष लिटर पाणी जातं. आणि त्याच तालुक्यात एप्रिल उजाडला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघतात. वर्षाला 2000 मिलिमीटरहून बराच जास्त पाऊस झेलणारा हा मुलूख, मग पाणी जातं कुठे?

जमिनीत बघा. सगळा काळा कातळ, त्यावर माती-मुरमाचा पातळ थर. पावसाचं पाणी त्या थरात मुरतं, पण उतार असा की हिवाळा संपेस्तोवर ते निथळून दरीत उतरतं. पाडे मात्र वर, माळावर, डोंगराच्या सोंडेवर. मार्चनंतर बाया खाली उतरतात, झऱ्याच्या खळग्यातून वाटी-वाटीनं हंडा भरतात आणि तो डोक्यावर घेऊन तीच चढण चढतात.

आता एक हिशेब करू. मला तो दर वेळी थक्क करतो. पाड्यावर 200 माणसं, जलजीवन मिशनच्या निकषानं माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 11,000 लिटर. ते 100 मीटर वर चढवायला निसर्गनियमानं वीज लागते अवघी 3 युनिट. पंपात निम्मी वाया गेली असं धरा, तरी 6! दोन किलोवॉटचे सौर पॅनेल उन्हाळ्यातल्या एका दिवसात एवढी वीज सहज देतात. जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठाननं या भागात सौर पंपांनी पाडे पाण्याला जोडूनही दाखवलेत.

मग अडतं कुठे? मे महिन्यातही आटत नाही तो झरा कुठला, पाइप कुणाच्या जमिनीतून जाणार, पंप बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, इथे. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात, त्यामुळे जनगणनेतली माणसं आणि एप्रिलमध्ये पाड्यावर असलेली माणसं जुळत नाहीत. हे सगळं एका नकाशावर आणणं हेच नियोजनकाराचं काम, आणि माझ्या मते या व्यवसायातलं सगळ्यात मोलाचं काम.

कायद्यानं तर त्याची वाट मोकळी करून ठेवली आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) नुसार पाण्याची पाइपलाइन, अपारंपरिक ऊर्जा, शाळा, रस्ता अशा 13 सुविधांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर प्रत्येकी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते. अट अशी की हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली राज्यानं 2014 मध्ये केलेल्या नियमांनी त्याहून मोठं पाऊल टाकलं. पाड्यातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ठराव केला, की तो पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची प्रक्रिया सुरू होते. म्हणजे आपली ग्रामसभा, आपले निर्णय! त्यात 2015 पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो. पैसा आहे, अधिकार आहे. त्यांना जागेवर उतरवणारा आराखडा हवा.

नियोजन शिकलेल्या मुलामुलींना नेहमीच्या वाटा ठाऊक असतातच. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून सहायक नगररचनाकार व्हायचं, नाहीतर एखाद्या सल्लागार कंपनीत महानगरांचे विकास आराखडे करायचे. जव्हार-मोखाडा मुंबई महानगर प्रदेशाच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून त्या आराखड्यांतही ते येत नाही. पण 'आमचा गाव, आमचा विकास' या उपक्रमात प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतःचा आराखडा करावाच लागतो, आणि नकाशावरच्या समोच्च रेषा वाचता येणारा माणूस तिथे क्वचितच बसलेला असतो.

तेव्हा नियोजनाच्या विद्यार्थ्यांनो, प्रबंधाचा विषय शोधत असाल तर इकडे या. धबधबे बघायला पावसाळ्यात सगळेच येतात. तुम्ही एप्रिलमध्ये या, आणि आधी ग्रामसभेत बसा.