दोन ऑफर, एक बॅग

नरसोबाच्या वाडीला दर्शनाला येणाऱ्यांत अलीकडे एक नवा भक्त दिसतो. मोबाइलमध्ये दोन परदेशी विद्यापीठांची ऑफर लेटरं, डोक्यात एज्युकेशन लोनचा हप्ता आणि पोटात गोळा. दोन्ही शहरं मोठी, दोन्ही नावं मोठी, फीचा आकडा त्याहून मोठा. घरात तीन पक्ष पडलेले: मामा म्हणतो लंडन, मावसभाऊ म्हणतो म्युनिक आणि आजी म्हणते पुण्यात काय वाईट आहे? दत्तगुरूंचा कौल ज्याचा त्यानं घ्यावा. रांगेत उभ्या उभ्या वाचायला मात्र हा ऐवज.

न्यूयॉर्क की लंडन? दोन्ही!

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पाउंडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 'एकच विषय धर' असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन भाषांची तोंडओळख. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. येताना त्यांनी एक शहाणपणा केला: चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करण्याची परवानगी पदरात पाडून घेतली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मध्येच जर्मनीतल्या बॉनचीही वारी झाली.

मधला थांबा माणगाव

लंडनच्या या दोन खेपांच्या मधे एक थांबा आपल्या शेजारचा आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष आंबेडकर, सोबत राजर्षी शाहू महाराज. त्यानंतर काही महिन्यांतच बाबासाहेबांनी लंडनची बोट पकडली. शिक्षणात गॅप पडली म्हणून रडणाऱ्यांनी ही तारीख पाठ करावी.

परीक्षा नाही, तरी केंब्रिज

शाहू महाराजांना १९०२ मध्ये केंब्रिजनं एलएल.डी. दिली. ना अर्ज, ना परीक्षा. पदवी सन्मानाची होती. आज महाराजांच्या नावानं राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी तिचा लाभ मिळतो. त्यात विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. त्यामुळे दोन ऑफरींपैकी एक त्या यादीत बसत नसेल, तर निवड आपोआप झाली म्हणून समजा.

दंतवैद्याकडची वेटिंग आणि फिलाडेल्फिया

गोपाळराव जोशी कोल्हापुरात पोस्टात नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. बायको आनंदीबाईंच्या शिक्षणासाठी त्यांनी १८७८ मध्ये रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र धाडलं. वाइल्डर आधी कोल्हापुरातच काम करून गेलेले. त्यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दंतवैद्याकडे नंबराची वाट बघत बसल्या होत्या. तिथं तो अंक त्यांच्या हाती पडला आणि आनंदीबाईंना अमेरिकेत हक्काचं घर मिळालं. एजंट नाही, एज्युकेशन फेअर नाही! ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. त्यांची नेमणूक झाली कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये. पण कामावर रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या.

त्या कॉलेजचा १८८५ चा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाईंच्या सोबत जपानच्या के ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. 'इंटरनॅशनल स्टुडंट्स डे' सुचण्याच्या कितीतरी आधी.

दोन्हीकडे अर्ज? चालणार नाही

ऑक्सफर्ड की केंब्रिज, हा घोळ पदवीच्या पोरांना घालताच येत नाही. एका वर्षात या दोघांपैकी एकाकडेच अर्ज करता येतो आणि तोही १५ ऑक्टोबरच्या आत. बाकी ब्रिटनमध्ये यूकॅसच्या अर्जात पाच पर्याय भरता येतात. ऑफरी आल्या की एक 'फर्म' आणि एक 'इन्शुरन्स' ठेवायची. मार्क कमी पडले तर दुसरी हाताशी. धरसोडीलासुद्धा तिथं अधिकृत रकाना आहे.

विद्यापीठ आधी, शहर मागून

ऑक्सफर्डमध्ये गावकऱ्यांशी बिनसलं म्हणून काही विद्वान तिथून उठले आणि १२०९ मध्ये केंब्रिजला जाऊन बसले. पण केंब्रिजला 'शहर' हा दर्जा मिळाला थेट १९५१ मध्ये. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ मध्ये तिथं शिकायला पोचले, तेव्हा विद्यापीठ साडेसातशे वर्षांचं झालेलं आणि शहर जेमतेम सहा वर्षांचं.

लंडनची भाऊबंदकी

धर्माची अट नसलेलं कॉलेज म्हणून १८२६ मध्ये यूसीएल निघालं. 'हे तर नास्तिकांचं!' म्हणत दुसऱ्या पक्षानं १८२९ मध्ये किंग्ज कॉलेज काढलं. दोघांच्या पोरांना पदव्या द्यायला १८३६ मध्ये लंडन विद्यापीठ आलं. भांडण आजही गमतीत चालू आहे. एकमेकांचे मॅस्कॉट पळवण्याची जुनी परंपराच आहे. यूसीएलमध्ये तर तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचा सांगाडा त्यांच्याच कपड्यांत, वर मेणाचं डोकं लावून काचेच्या कपाटात बसवलाय. ओपन डेला पालकांना आधीच सांगून ठेवा.

लंडनचा वेगळा हिशेब

ब्रिटनच्या व्हिसासाठी राहण्या-खाण्याची रक्कम खात्यात दाखवावी लागते. लंडनसाठी ती इतर शहरांपेक्षा महिन्याला साधारण साडेतीनशे पाउंडांनी जास्त धरतात. हिशेब नऊ महिन्यांचा, म्हणजे मँचेस्टरऐवजी लंडन म्हटलं की तीन हजारांहून जास्त पाउंड वाढले. आणि ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून हवी. काकांकडून दोन दिवसांसाठी उसने आणून भागत नाही.

शहर एक, फी एकीकडेच

म्युनिकमध्ये दोन नामांकित विद्यापीठं आहेत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली: मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो. शेजारचं एलएमयू मात्र नेहमीच्या अभ्यासक्रमांना ट्यूशन फी घेत नाही. एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो अडकवायचे आणि महिन्याला ९९२ असे आपलेच पैसे परत घ्यायचे.

बर्लिन: दोन विद्यापीठं, एक इरावतीबाई

बर्लिनचं जुनं विद्यापीठ १८१० चं. आज त्याचं नाव हुम्बोल्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर ते सोव्हिएत ताब्यातल्या भागात गेलं. तिथली मुस्कटदाबी नको म्हणणाऱ्यांनी १९४८ मध्ये पश्चिम भागात 'फ्राये', म्हणजे मुक्त विद्यापीठ काढलं. आज कुठलं निवडावं या पेचात पडणाऱ्यांनी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवाव्यात. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या. पदवी जुन्या विद्यापीठाची, पण कवट्या मोजण्याचं काम डाहलेमच्या मानववंशशास्त्र संस्थेत. त्या संस्थेची इमारत आता मुक्त विद्यापीठाकडे आहे. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असा त्यांचे गाइड ऑयगेन फिशर यांचा सिद्धांत होता. बाईंनी मोजमापं केली आणि तसा संबंध दिसत नाही, असं गाइडच्याच संस्थेत बसून लिहिलं. पीएचडी करणाऱ्यांना या धाडसाची किंमत वेगळी सांगायला नको.

बोस्टनला जातो म्हणे!

हार्वर्ड आणि एमआयटी, दोघांचेही मुख्य कॅम्पस बोस्टनमध्ये नाहीतच. ते चार्ल्स नदीच्या पलीकडच्या, अमेरिकेतल्या केंब्रिज गावात आहेत. वाडी आणि कुरुंदवाडसारखं प्रकरण: मधे नदी, वर पूल, पण पत्ता वेगळा. मेट्रोच्या रेड लाइननं एकीकडून दुसरीकडे दोन स्टेशनं. शिवाय क्रॉस-रजिस्ट्रेशनमुळे एकीकडच्या विद्यार्थ्याला दुसरीकडचे काही कोर्स घेता येतात.

दोन आय-२०, एक खिडकी

अमेरिकेची दोन विद्यापीठं दोन आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) पाठवू शकतात, पण व्हिसाच्या खिडकीवर जायचं ते एकच घेऊन. ३५० डॉलरची सेव्हिस फी एका आय-२० वर भरली आणि मन बदललं, तर ती दुसऱ्यावर वळवता येते. असिस्टंटशिप देणाऱ्या पुष्कळ विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत उत्तराचा आग्रह न धरण्याचा करार केलाय. 'उद्याच कळव' असा मेल आला तर या तारखेची त्यांना नम्रपणे आठवण करून द्या.

दक्षिणद्वार आणि विमान

अमेरिकेचं सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं. वाडीत तेव्हा पाण्याचा हंगाम. कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळ्याला गर्दी लोटते. आणखी चढलं तर रस्ते बंद. २०१९ चा ऑगस्ट शिरोळ तालुका विसरलेला नाही. तिकीट काढताना मुंबईला दोन दिवस आधी पोचायचा बेत ठेवा.

बासुंदीला व्हिसा नाही

भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. तेव्हा वाडीची बासुंदी इथंच पोटात. पेढे आणि कवठाची बर्फी बॅगेत भरण्याआधी जिथं जाणार त्या देशाचे नियम वाचा. ऑस्ट्रेलियात खाण्याचं काही जवळ असून सांगितलं नाही, तर दंड घसघशीत बसतो.

गणपती कुठं बसतो?

लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. आरतीला टाळ कुटणारे चार हात शहरात आहेत की नाहीत, हे विद्यापीठाच्या क्रमवारीत छापत नाहीत. पण पहिल्या थंडीत तेच जास्त कामाला येतं.

अजूनही ठरेना?

मग दोन्हीकडच्या विभागांना एकच मेल टाका: गाइड कोण, मागच्या बॅचची मुलं आज कुठं आहेत, दुसऱ्या वर्षी फी किती वाढते? जिकडून माणसाच्या सहीचं नीट उत्तर येईल, तिकडचं पारडं जड. आणि नाकारलेल्या विद्यापीठालाही आभाराचं पत्र पाठवा. पुढच्या पदवीला त्याच दारात जायची वेळ येऊ शकते.