गुडघा बरा वाटतोय, पण ग्राफ्ट तयार आहे का?

बॅडमिंटन खेळताना पाय वळला किंवा स्कूटर घसरली, गुडघ्यात कट्कन आवाज आला आणि एमआरआयमध्ये कळलं, की एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं महत्त्वाचं लिगामेंट तुटलंय. शस्त्रक्रिया झाली. दोन-अडीच महिन्यांत सूज उतरली, कुबड्या सुटल्या. आता सगळं ठीक आहे, असं वाटतंय ना? सावध राहा. साधारण याच काळात तुमचा ग्राफ्ट सर्वांत नाजूक असतो.

ग्राफ्ट म्हणजे कलमच

तुटलेलं एसीएल बहुतेक वेळा पूर्वीसारखं जुळत नाही. म्हणून सर्जन तुमच्याच मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध घेतात आणि हाडांत बोगदे करून तिथे बसवतात. स्क्रू किंवा बटण त्याला धरून ठेवतं, पण तो जिवंत होतो शरीराच्याच कामाने. आंब्याचं कलम बांधल्यावर जीव धरायला वेळ लागतो, तसंच हे आहे.

आत काय घडतं?

सुरुवातीला ग्राफ्टला रक्तपुरवठा नसतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात. या बदलात, साधारण ६ ते १२ आठवड्यांदरम्यान, त्याची ताकद कमी झालेली असते. बोगद्यात हाडाचा तुकडा असेल तर तो जुळायला ६ ते ८ आठवडे लागतात, नुसता स्नायुबंध असेल तर ८ ते १२. त्यानंतर तंतूंची नव्याने रचना होते आणि ग्राफ्ट हळूहळू लिगामेंटसारखा होतो. हे काम वर्ष-दोन वर्षं चालतं.

तुम्ही काय कराल?

गुडघा सरळ करा : पहिल्या दिवसापासून गुडघा पूर्ण सरळ होण्याकडे लक्ष द्या. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नका, ती टाचेखाली ठेवा.

मांडीला कामाला लावा : शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू लवकर बारीक होतो. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम रोज करा. योग्य प्रमाणातला ताण ग्राफ्टला बळकट करतो. अजिबात न हलणं आणि अति करणं, दोन्ही चूक.

सिगारेट, तंबाखू बंद : निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. ग्राफ्टला हवं असतं नेमकं रक्तच. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा.

ताटात प्रथिनं : डाळ, उसळ, दही, पनीर, अंडी, मासे रोज असू द्या. व्हिटॅमिन डी कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढा.

सवयी सांभाळा : मांडी घालणं, उकिडवं बसणं, स्कूटरला किक मारणं परवानगीशिवाय नको. घरात ओल्या फरशीपासून जपा.

ग्राफ्ट लवकर भरावा म्हणून पीआरपी इंजेक्शनची चर्चा होते, पण त्याचा खात्रीशीर फायदा अजून सिद्ध झालेला नाही. खर्च करण्याआधी सर्जनना स्पष्ट विचारा.

मैदानात कधी?

२०१६ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं, की ९ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्याने घटलं. मात्र नुसतं कॅलेंडर पुरेसं नाही. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद आणि उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी.

ऋषभ पंत आठवतो? डिसेंबर २०२२च्या कार अपघातानंतर मुंबईत त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर शस्त्रक्रिया झाली. उत्तम डॉक्टर, फिजिओ सगळं हाताशी असूनही तो मैदानात परतला मार्च २०२४मध्ये. मग आपण कशाला घाई करायची?

लगेच डॉक्टरांना गाठा

ताप, जखमेतून पू, वाढती लाली, पोटरीत सूज व दुखणं, किंवा गुडघा अचानक लचकणं यांकडे दुर्लक्ष नको. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सीत जा.

घरच्यांसाठी एक गोष्ट. 'अजून किती दिवस?' असं विचारण्याऐवजी 'आजचा व्यायाम झाला का?' असं विचारा. सर्जनचं काम काही तासांत संपतं, उरलेलं काम महिनोन्महिने तुमच्या घरातच होतं.