आजी, नात आणि गोधडी

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरांत उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते, व पुढें बाणकोटच्या खाडीनें समुद्रास मिळते. या नदीच्या दोहों तीरांवरील गांवांत वैशाख हा गोधड्यांचा महिना होय. भात कार्तिकांतच घरांत आलेलें असतें, त्यामागून घेतलेला वाल निघालेला असतो, शेतांतले राब भाजून झालेले असतात, आणि मृगास अद्याप अवधि असतो. दुपारच्या उन्हांत बाहेर करण्यासारखें काम नसतें. अशा वेळीं घरांतील वडील बाई माळ्यावरचें जुन्या लुगड्यांचें गांठोडें खालीं काढविते. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्टी असते व मुंबईस राहणारीं नातवंडें एस. टी.नें गांवीं आलेलीं असतात. गोधडीची आणि नातवंडाची गांठ ही अशी पंचांगानेंच घालून दिलेली आहे.

गोधडी ही काटकसरीची वस्तु म्हणून सर्वांस ठाऊक आहे. जुनेराचा उपयोग होतो व थंडीचें निवारण होतें, एवढेंच तिच्याविषयीं सामान्यतः बोललें जातें. परंतु ज्या कामास पंधरा-वीस दुपारी लागतात, जें एका जागीं बसून करावें लागतें, ज्यांत हात गुंतलेले पण तोंड व कान मोकळे असतात, तें काम लहान मुलाच्या संगतीस जितकें अनुकूल तितकें दुसरें क्वचितच सांपडेल. चुलीपाशीं मुलास येऊं देतां येत नाहीं, जात्याच्या खुंट्यास त्याचा हात पुरत नाहीं, शेतावर तें थकून जातें. गोधडीवर मात्र त्यास बसावयासही जागा असते. म्हणून गोधडी मागें पडत चालली आहे याचा विचार करितांना केवळ एक पांघरूण मागें पडलें असें समजून चालणार नाहीं.

कोंकणांत गोधडीला वाकळ असेंही म्हणतात. जुन्या कापडाचे पदर एकावर एक घालून टांक्यांनीं जोडावयाचे, ही कल्पना कांहीं एकट्या महाराष्ट्राची नव्हे. संस्कृतांत अशा वस्त्रास कंथा म्हणत, आणि बंगालांत तोच शब्द कांथा या रूपानें चालू आहे. तेथें जुन्या साडीच्या कांठांतून ओढून काढलेल्या रंगीत धाग्यांनीं बाया तिच्यावर फुलें-पाखरें काढीत. बिहारांत सुजनी व कर्नाटकांत कौदी हीं याच कुळांतलीं नांवें. उत्तर कानडा जिल्ह्यांतील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात, व तिच्या चारी कोपऱ्यांस कापडाच्या घडीचीं त्रिकोणी फुलें लाविल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. जपानांतील शेतकऱ्यांच्या घरींही जीर्ण सुती कापडास थरावर थर देऊन तें धांवदोऱ्यानें शिवण्याची रीत होती. महाराष्ट्रांतील गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हां घरोघरच्या अनाम बायांच्या या कामास ग्रंथविषय होण्याचा मान मिळाला.

गोधडीचें माप लुगड्यानेंच ठरविलेलें आहे. नऊ वारांचें लुगडें म्हणजे सत्तावीस फूट. त्याची चौपदरी घडी घातली कीं पावणेसात फूट लांबी येते. पन्हा चार फुटांच्या आंतबाहेर असतो. एका मोठ्या माणसास निजावयास एवढें पुरतें. एकाच लुगड्याची गोधडी हलकी होते. पावसाळी गारठ्यासाठीं दोन लुगडीं घेतात, किंवा मधल्या थरांत धोतरें, सदरे, उशांच्या खोळी असें धडुतें पसरून पदर वाढवितात. आधीं सारें कापड धुऊन वाळवितात. गुंड्या व जाड शिवणी काढून टाकाव्या लागतात, कारण त्या सुईस अडवितात. मग सारवलेल्या ओटीवर कापड अंथरावयाचें, सुरकुत्या हातानें मोडावयाच्या, कोपऱ्यांवर पाट-वरवंटा असें जड कांहींतरी ठेवावयाचें, आणि लांब लांब कच्चे टांके घालून सर्व पदर एकत्र धरावयाचे. कडा आंत दुमडून शिवल्या कीं खरें काम सुरू होतें. जाड सुई, दुहेरी दोरा आणि धांवदोऱ्याची ओळ, एवढीच तिची सामग्री. कांहीं बाया कडेपासून चौकोनामागून चौकोन घालीत मध्याकडे जातात, कांहीं सरळ ओळी धरितात. सुईपुढें डावा तळहात फिरवीत गेलें म्हणजे कापडास फुगा येत नाहीं.

सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडीवर इंचाइंचाच्या अंतरानें ओळी घातल्या, तर दोऱ्याची वाट २८८ फूट होते. इंचास तीन टांके धरले तर टांक्यांची संख्या १०,३६८ येते. ओळींतलें अंतर अर्ध्या इंचावर आणलें कीं ती दुप्पट होते. एवढे टांके घाईनें पडत नाहींत. मुलास जी सवड हवी असते ती या संथपणांतून मिळते.

गोधडीची ऊब कापडापेक्षां कापडाच्या पदरांमध्यें कोंडलेल्या हवेची असते. स्थिर हवेंतून उष्णता फार हळू जाते. पदरांमध्यें अशा हवेचे पातळ थर अडकून राहतात व अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहींत. टांके फार विरळ पडले तर आंतलें कापड सरकून त्याचा गोळा होतो. फार दाट पडले तर हवेस जागा उरत नाहीं व गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. यांतला मध्यममार्ग हातास सवयीनें कळतो. महाडकडे वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथें पांघरूण नुसतें उबदार असून भागत नाहीं. तें ओल शोषणारें आणि पुन्हां पुन्हां धुतां येणारें असावें लागतें. सुती कापडाचा एक विशेष गुण येथें उपयोगी पडतो. कापसाचा धागा ओला झाला म्हणजे कोरड्यापेक्षां अधिक बळकट होतो. पावसाच्या तोंडावर आणि नवरात्रापूर्वीं नदीच्या धोंड्यांवर आपटून धुतलेली गोधडी वर्षानुवर्षें टिकते, याचें एक कारण हेंच. जुनें कापड मऊ कां, याचेंही उत्तर धुण्यांतच आहे. नव्या कापडांतली खळ निघून गेलेली असते व धागा सैल झालेला असतो. तान्ह्या बाळाचें दुपटें नव्या कापडाचें न करितां आजीच्या वापरलेल्या लुगड्याचें करितात, त्यांत माया आहे तशी समजूतही आहे.

या कामांत नातवंडाचा भाग वयाप्रमाणें ठरतो. तीन वर्षांचें मूल पसरलेल्या कापडावर लोळावयास लागतें. त्यास उठवून लावण्याऐवजीं आजी त्यास कोपऱ्यावर बसविते व वरवंट्याचें काम त्याच्याकडून करून घेते. चार वर्षांचें मूल ठिगळें रंगावार निवडून देतें. पांच-सहा वर्षांची झाली कीं नातीकडे घरांतील एक महत्त्वाचें काम येतें. उतारवयांत डोळ्यांस सुईचें नेढें दिसेनासें होतें. जें आजीच्या मुरलेल्या हातास साधत नाहीं तें नातीच्या कोवळ्या दृष्टीस सहज साधतें. "आजी, ओंवला बघ दोरा, आतां दुसरी सुई दे," असें ती म्हणते तेव्हां त्या घरास तिची खरोखर गरज असते. तिला रमविण्यासाठीं खोटें काम दिलेलें नसतें, आणि मुलें हा फरक तेव्हांच ओळखतात. सात-आठ वर्षांच्या मुलीस वीतभर कापड मिळतें, व त्यावर बाहुलीची गोधडी तयार होते. मुलग्यांसही हें काम वर्ज्य असण्याचें कारण नाहीं; टांका सुईस ओळखतो, हात कुणाचा हें तो विचारीत नाहीं.

या बैठकींत कांहीं नियम असतात, आणि ते न शिकवितां शिकले जातात. सुया मोजून काढावयाच्या व मोजून ठेवावयाच्या. एक कमी भरली तर ती सांपडेपर्यंत कुणीं उठावयाचें नाहीं. दोरा गुंतला कीं ओढावयाचा नाहीं, गांठ कोठें बसली तें आधीं पाहावयाचें. दोरा वांचविण्याच्या हव्यासानें तो फार लांब घेतला तर तो अधिकच गुंततो, हेंही दोन दिवसांत समजतें.

परंतु सर्वांत मोठा धडा ठिगळांचा. "आजी, हें कुणाचें ग?" हा प्रश्न प्रत्येक तुकड्यास विचारला जातो. हें तुझ्या आत्याच्या मंगळागौरीचें पातळ. हा काकाचा सदरा, तो गिरणींत पाळीला जाई तेव्हांचा. या दुसऱ्या उत्तरांत या भागाचा अर्धा इतिहास येतो. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी स्थापन केली. तेव्हांपासून वाढत गेलेल्या गिरणगांवांत कोंकणांतील असंख्य घरांचा एक तरी कर्ता पुरुष कामास होता. हा जिल्हा तेव्हां कुलाबा म्हणून ओळखला जाई. १९८१ सालीं त्यास रायगड हें नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं, १८ जानेवारी १९८२ रोजीं, गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, आणि अनेक घरांचा तो आधार कायमचा तुटला. शाळेच्या पुस्तकांत जें पुढें कधींतरी वाचावयाचें तें मुलास सदऱ्याच्या एका तुकड्यावरून कळूं लागतें. कांहीं घरांत मधल्या थरांत आजोबांचें धोतर असतें. आजोबांस नातीनें पाहिलेलेंही नसतें. आजी त्यांच्याविषयीं एरव्ही बोलत नाहीं. टांका घालतां घालतां चार शब्द बोलते. डोळे कामावर असल्यामुळें तें बोलणें तिलाही जड जात नाहीं आणि मुलासही.

शिक्षणशास्त्रानें जें पुढें सिद्धान्तरूपानें मांडलें तें या ओटीवर व्यवहारांत होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत बालगृह काढलें, तेव्हां गुंड्या लावणें, नाड्या बांधणें अशा घरगुती कृतींस त्यांनीं शिक्षणांत मानाचें स्थान दिलें. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण हा विचार देशापुढें ठेविला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं कार्य आरंभिलें, तेव्हां परक्या महागड्या साधनांऐवजीं भोंवतालच्या वस्तूंचा आश्रय केला. गोधडींत मोजणें आहे, रंग आहेत, बोटांची शिस्त आहे, आणि पुरें होणारें काम आहे.

आज हें सारें आपोआप घडण्याजोगी स्थिति राहिलेली नाहीं. लुगड्यांच्या जागीं कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या लवकर विरत नाहींत, ओल शोषीत नाहींत, व एकावर एक ठेविल्या असतां निसटतात; विस्तवाजवळ त्यांचें भयही अधिक. बाजारांत तयार पांघरुणें स्वस्त मिळतात. नातवंडांच्या सुट्टीचे दिवसही निरनिराळ्या वर्गांनीं व्यापले आहेत. त्यांतच नैसर्गिक आपत्तीचा घाला पडतो. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहरांत पुराचें पाणी शिरलें, आणि त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. अशा प्रसंगीं मदत म्हणून आलेली प्रत्येक चादर मोलाची असते. परंतु जिच्यांत कुणाचें पातळ आणि कुणाचें धोतर होतें ती गोधडी चिखलांत गेली, तर दुसरें पांघरूण देऊन ती भरून निघत नाहीं. तिची आठवण सांगणारी आजी आणि ती ऐकलेली नात, एवढेंच मग शिल्लक राहतें. म्हणून ऐकण्याचें काम वेळींच व्हावयास हवें.

शहरांतील घरांस हें अशक्य नाहीं. साडेपांच वारांची एक जुनी सुती साडी घेतली तर तिची चौपदरी घडी सुमारें चार फूट लांब व चार फूट रुंद येते, म्हणजे लहान मुलास पुरेल अशी चौरस गोधडी होते. सारवलेली ओटी नसली तरी सतरंजी चालते. कृत्रिम कापड वापरावयाचेंच झालें तर तें मधल्या थरांत घालावें, अंगास लागणारे दोन्ही पदर सुती ठेवावे. इंचाच्या अंतरानें ओळी घातल्या तर या गोधडीस सुमारें सात हजार टांके लागतात. वीस दुपारींवर वांटले तर रोजचे साडेतीनशें होतात. त्यांतले पन्नास नातीस घालूं द्यावे. ते वांकडे पडतील, एक लांब व एक आंखूड पडेल. ते उसवून नीट करण्याचा मोह आजीनें आवरावा. पुढें ती गोधडी पांघरतांना नात प्रथम तेच टांके शोधील.